थांबायचं कधी? : बेब रूथची गोष्ट

हॉस्टेलवर क्रिकेटचा विषय निघाला की एक वाद ठरलेलाच. ज्याच्या बॅटिंगपायी आपण सबमिशनची अख्खी रात्र वाया घालवली, त्या खेळाडूचं आता वय झालंय. हात-पाय पूर्वीसारखे चालत नाहीत. मग त्यानं थांबावं की खेळत राहावं? थांबावं म्हणणारे आकडे काढतात, खेळू द्या म्हणणारे जुन्या मॅचेस काढतात. मेसमधली भाजी थंड होते, पण वाद काही मिटत नाही.

१९३५ साली अमेरिकेत हाच प्रश्न एका माणसापुढे उभा राहिला, आणि तो माणूस साधासुधा नव्हता. बेसबॉलचा अनभिषिक्त सम्राट बेब रूथ! त्याचा शेवटचा सीझन असा विचित्र आहे, की वादातल्या दोन्ही बाजूंना त्यात आपापला पुरावा सापडतो. म्हणूनच तो नीट समजून घेण्यासारखा आहे.

बेसबॉल आपल्याकडे फारसा कुणी खेळत नाही, तेव्हा आधी जेवढ्यास तेवढं सांगतो. पिचर बॉल फेकतो, बॅटर मारतो आणि धावत सुटतो. वाटेतले तीन बेस पार करून तो परत जागेवर पोचला की एक रन. बॉल थेट कुंपणाबाहेर गेला तर होमरन, म्हणजे आपला सिक्सर समजा. बॅटरला एका मॅचमध्ये साधारण चार-पाच वेळाच संधी मिळते, आणि दहापैकी तीनदा ज्याला हिट मारता येते तो उत्तम बॅटर! ही टक्केवारी दशांशात लिहितात, .३०० अशी. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. बेसबॉलमधला मॅनेजर हा हिशेब बघणारा माणूस नसतो. आपल्याकडचा कॅप्टन आणि कोच मिळून जे करतात ते तो एकटा करतो. ही खुर्ची आपल्या गोष्टीत फार महत्त्वाची आहे.

उनाड पोर ते सुलतान

जॉर्ज हर्मन रूथचा जन्म ६ फेब्रुवारी १८९५ रोजी बाल्टिमोर शहरात झाला. वडिलांचा दारूचा गुत्ता, आजूबाजूला गोदीचा गोंगाट, आणि पोरगं दिवसभर रस्त्यावर. सातव्या वर्षीच आईबापांनी त्याला सेंट मेरीज इंडस्ट्रियल स्कूल नावाच्या संस्थेत टाकलं. अनाथ आणि हाताबाहेर गेलेली मुलं तिथं ठेवत. तिथं तो शर्ट शिवायला शिकला. आणि तिथंच ब्रदर मथायस नावाच्या धिप्पाड धर्मगुरूंनी त्याच्या हाती बॅट दिली. आयुष्यभर रूथ त्यांचं नाव आदरानं घेत राहिला.

१९१४ साली बाल्टिमोरच्या क्लबचा मालक जॅक डन यानं १९ वर्षांच्या रूथला उचललं. संस्थेबाहेरचं जग न पाहिलेला हा पोरगा मालकाच्या मागेमागे फिरायचा, म्हणून बाकीच्यांनी त्याला बेब म्हणजे बाळ म्हणायला सुरुवात केली. ते नाव जन्मभर चिकटलं. त्याच वर्षी जुलैमध्ये तो बोस्टन रेड सॉक्सकडे गेला.

गंमत म्हणजे तो गेला पिचर म्हणून! आणि पिचरही साधा नाही. १९१६ साली त्यानं २३ मॅचेस जिंकून दिल्या, पुढच्या वर्षी २४. वर्ल्ड सिरीज या अंतिम स्पर्धेत त्यानं जवळजवळ ३० इनिंग्ज सलग एकही रन दिला नाही. तो विक्रम १९६१ पर्यंत टिकला. पण पिचर रोज खेळत नाही, आणि रूथची बॅट तर रोज हवी. हळूहळू पिचिंग मागे पडलं. एखाद्या पट्टीच्या बोलरनं मध्येच बोलिंग सोडावी आणि जगातला सर्वांत मोठा बॅट्समन व्हावं, तसला हा प्रकार.

१९१९ च्या अखेरीस बोस्टननं त्याला न्यूयॉर्क यांकीजला एक लाख डॉलर्सला विकलं. १९२० साली त्यानं ५४ होमरन मारले. १९२७ साली ६०. हा ६० चा आकडा किती मोठा? त्या वर्षी अमेरिकन लीगमधल्या बाकीच्या सात संघांपैकी एकाही संघाची सगळ्या खेळाडूंची मिळून बेरीज ६० पर्यंत पोचली नाही! १९२३ साली यांकीजचं नवं स्टेडियम सुरू झालं तेव्हा पहिल्याच मॅचमध्ये त्यानं होमरन मारला, आणि लोक त्या स्टेडियमला रूथनं बांधलेलं घर म्हणू लागले.

माणूस मात्र बेशिस्त. खाणं अफाट, पिणं अफाट, रात्री बाहेर. १९२५ साली तर तो कोसळला, ऑपरेशन झालं, आणि त्याच सीझनमध्ये मॅनेजर मिलर हगिन्सनं त्याला ५,००० डॉलर्स दंड ठोकून बाहेर बसवलं. लोकांनी सगळं माफ केलं. लहान पोरांना तो मनापासून जवळ करायचा आणि बॉल स्टेडियमबाहेर घालवायचा, एवढं लोकांना पुरेसं होतं. पण मालकलोकांनी या गोष्टी मनात कुठंतरी नोंदवून ठेवल्या होत्या. त्याचा हिशेब पुढं झाला.

उतरता आलेख

आपण इंजिनिअरिंगवाले. आलेख काढल्याशिवाय आपल्याला पटत नाही. तर घ्या.

१९३० साली रूथचे होमरन ४९, सरासरी .३५९ आणि पगार ८०,००० डॉलर्स, म्हणजे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांच्यापेक्षाही ५,००० ने जास्त. १९३१ ला ४६ होमरन. १९३२ ला ४१, पगार ७५,०००. १९३३ ला ३४, सरासरी .३०१, पगार ५२,०००. १९३४ ला २२, सरासरी .२८८, पगार ३५,०००.

पगार कमी होण्यात जागतिक मंदीचाही हात होता हे खरं. पण होमरनचा आलेख मंदीमुळं उतरला नव्हता. पाय जड झाले होते, वजन वाढलं होतं, गुडघे बोलत होते. शेवटच्या काही इनिंग्जमध्ये त्याच्या जागी धावायला आणि फिल्डिंगला तरणा पोरगा पाठवावा लागे.

तरीही मधूनमधून जुना रूथ डोकावायचा. ६ जुलै १९३३ ला शिकागोत पहिला ऑल-स्टार सामना झाला, त्या सामन्याच्या इतिहासातला पहिला होमरन ३८ वर्षांच्या रूथनंच मारला. त्याच वर्षीच्या शेवटच्या मॅचला त्यानं हौसेनं पिचिंग केलं, पूर्ण मॅच टाकली आणि जिंकूनही दिली. १३ जुलै १९३४ ला डेट्रॉइटमध्ये ७०० वा होमरन झाला. असे दिवस आले की वाटायचं, अजून आहे बुवा याच्यात काहीतरी! आकडे बघणाऱ्यांना घसरण दिसत होती, मैदानात बसणाऱ्यांना हे दिवस दिसत होते.

त्याला हवी होती ती खुर्ची

आता खरा मुद्दा. रूथला स्वतःला आपण संपत आलोय हे कळत नव्हतं का? चांगलंच कळत होतं. तो खेळत राहण्यासाठी हट्ट धरून बसलाच नव्हता. त्याला मॅनेजर व्हायचं होतं. टाय कॉब डेट्रॉइटचा मॅनेजर झाला, ट्रिस स्पीकर क्लीव्हलँडचा झाला, रॉजर्स हॉर्न्सबी सेंट लुईसचा झाला. बरोबरीचे सगळे त्या खुर्चीत बसून आले, मग मी का नाही? प्रश्न चुकीचा नव्हता.

यांकीजचा मालक जेकब रूपर्ट मात्र तयार नव्हता. ज्याला स्वतःला आवरता आलं नाही तो पंचवीस जणांना काय आवरणार, असा त्याचा सरळ हिशेब. शिवाय जो मॅकार्थी हा मॅनेजर १९३१ पासून उत्तम काम करत होता. रूपर्टनं मधला मार्ग सुचवला : आमच्या नेवार्कच्या दुय्यम संघाचा मॅनेजर हो, अनुभव घे, मग पुढचं पुढं. रूथनं नकार दिला. बेब रूथनं खालच्या लीगमध्ये जायचं? हे त्याला कमीपणाचं वाटलं.

दुसरी संधी १९३३ च्या सीझननंतर आली. डेट्रॉइटचा मालक फ्रँक नॅव्हिन त्याला भेटायला बोलावत होता. रूथचा हवाईचा दौरा ठरलेला होता. आल्यावर भेटू म्हणून तो निघून गेला. तोवर नॅव्हिननं मिकी कॉक्रेनला नेमलं. डेट्रॉइटनं १९३४ ला लीग जिंकली आणि १९३५ ला वर्ल्ड सिरीजही. आपल्याकडे कॅम्पसला आलेल्या कंपनीला पुढच्या आठवड्यात या म्हणून सांगण्यातलाच हा प्रकार!

१९३४ च्या शेवटी अमेरिकन खेळाडूंचा संघ जपानला गेला. त्याच्या पासपोर्टसाठी जन्माचा दाखला काढला तेव्हा रूथला कळलं, की आपण समजत होतो त्यापेक्षा आपण एक वर्षानं लहान आहोत. तोवर तो जन्मसाल १८९४ धरून चालला होता. म्हातारपणाच्या उंबरठ्यावर एक वर्ष फुकटात परत मिळालं! टोकियोच्या रस्त्यांवर त्याला बघायला लाखो लोक लोटले. त्या दौऱ्यात त्यानं १३ होमरन मारले. परतीच्या वाटेवर लंडनला त्यानं क्रिकेटची बॅट घेऊन नेट्समध्येही हात साफ करून घेतला. थोडक्यात, जग डोक्यावर घेत होतं, पण घरी परतल्यावर करायला काम नव्हतं. यांकीज त्याला ठेवणार नव्हते हे उघड होतं.

बोस्टनची लालूच

अशा वेळी एमिल फुक्स पुढं आला. बोस्टन ब्रेव्ह्ज या दुसऱ्या बोस्टन संघाचा हा मालक गळ्यापर्यंत कर्जात होता. त्याला तिकिटं विकणारं नाव हवं होतं. त्यानं रूथला देऊ केलं ते असं : खेळाडू तर तू असशीलच, शिवाय क्लबचा उपाध्यक्ष, शिवाय सहायक मॅनेजर, नफ्यात वाटा, आणि जमलं तर पुढं खुद्द मॅनेजर. २६ फेब्रुवारी १९३५ रोजी रूपर्टनं एक छदामही न घेता त्याला मोकळं केलं आणि रूथ बोस्टनला गेला.

नीट वाचलं तर लक्षात येतं, की उपाध्यक्षाला काय काम हे कुठंच ठरलेलं नव्हतं. बुडत्या क्लबच्या नफ्यातला वाटा म्हणजे किती? शून्याचे कितीही टक्के काढा, शून्यच. आणि मॅनेजरची खुर्ची फक्त आशेवर होती. त्या आशेपायी चाळिशीतल्या माणसानं आऊटफिल्डमध्ये धावायचं होतं.

१६ एप्रिलच्या पहिल्याच मॅचला त्यानं कार्ल हबेलसारख्या जबरदस्त पिचरला होमरन मारला आणि बोस्टन जिंकलं. स्टेडियम वेडं झालं. पण नंतर सगळं ओसरत गेलं. बॉल दिसायचा पण बॅट पोचायची नाही. फिल्डिंगमध्ये साधे बॉल सुटायचे, आणि आपल्याच संघाचे पिचर त्यावर नाराज व्हायचे. मे महिन्यातच त्यानं थांबायची भाषा सुरू केली. पण फुक्सनं गळ घातली : पुढच्या दौऱ्यात गावोगावी तुझ्या नावानं तिकिटं खपलीत, तेवढा दौरा तरी कर. रूथनं शब्द दिला.

पिट्सबर्गची दुपार

आणि मग २५ मे १९३५ उजाडला. पिट्सबर्गचं फोर्ब्स फील्ड, शनिवार, मैदानात साधारण दहा हजार लोक. पहिल्या इनिंगमध्ये रूथनं होमरन मारला. तिसऱ्या इनिंगमध्ये दुसरा. मधे एक साधी हिट. आणि सातव्या इनिंगमध्ये गाय बुश या पिचरला मारलेला तिसरा होमरन उजव्या बाजूच्या स्टँडच्या छपरावरून थेट स्टेडियमबाहेर! त्या छपरावरून बॉल त्याआधी कुणीच घालवला नव्हता. चार वेळा बॅटिंग, चार हिट्स, तीन होमरन, सहा रन्स त्याच्या खात्यात. कारकिर्दीतला ७१४ वा होमरन होता तो. हळूहळू सगळे बेस फिरून तो आत गेला. परक्या गावचे लोक उभे राहून ओरडत होते. बोस्टन ती मॅच ११-७ अशी हरलं, हे आता कुणाच्या लक्षातही नसतं.

इथं थांबायला हवं होतं की नाही? बायको क्लेअरनं त्याला तेच सांगितलं. याहून चांगला निरोप कुठल्या सिनेमातही मिळणार नाही. पण फुक्सला शब्द दिलेला. सिनसिनाटीत लोक वाट बघत होते, फिलाडेल्फियातही. रूथ गेला. आणि त्यानंतर त्याच्या बॅटमधून एकही हिट आली नाही. ३० मे ला फिलाडेल्फियात पहिल्याच इनिंगला तो साधा बाद झाला, फिल्डिंग करताना गुडघा दुखावला, आणि लंगडत बाहेर गेला. ती शेवटची मॅच, अवघ्या पाच दिवसांनी!

२ जूनला सगळं फिसकटलं. नॉर्मंडी हे प्रचंड जहाज न्यूयॉर्कला येणार होतं, त्याच्या स्वागताच्या कार्यक्रमाला जायला रूथनं सुट्टी मागितली. फुक्सनं दिली नाही. रूथनं निवृत्ती जाहीर केली आणि फुक्सनंही त्याला काढून टाकल्याचं सांगितलं. उपाध्यक्षपद तिथंच संपलं. त्या सीझनमध्ये रूथची सरासरी .१८१, आणि संघ ११५ मॅचेस हरला. त्याच वर्षी फुक्सच्या हातूनही क्लब गेला.

पुढची तेरा वर्षं

१९३६ ला बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमसाठी पहिले पाच जण निवडले गेले, त्यात रूथ होताच. पण फोनवर जे बोलावणं यायला हवं होतं ते आलंच नाही. गोल्फ, शिकार, मासेमारी यांत वर्षं चालली. १९३८ ला ब्रुकलिन डॉजर्सनं कोच म्हणून घेतलं. मॅचआधी सरावात दोन-चार लांब बॉल मारून त्यानं लोकांना खूश करायचं, हाच खरा उद्देश. मॅनेजरची जागा रिकामी झाली तेव्हा ती लिओ डुरोशरला मिळाली. रूथनं गणवेश उतरवला तो कायमचा. युद्धाच्या काळात मदतनिधीसाठी तो प्रदर्शनी सामन्यांत उभा राहिला, एका सिनेमात स्वतःचीच भूमिका केली. पण कुठलाही मोठा संघ त्याच्या हाती कधीच आला नाही.

१९४६ ला कॅन्सर निघाला. १३ जून १९४८ रोजी यांकी स्टेडियमच्या पंचविशीला तो जुना ३ नंबरचा गणवेश घालून आला. ढगळ झालेला गणवेश, आणि हातात आधाराला बॅट. पाठीमागून काढलेल्या त्या फोटोला पुलित्झर पारितोषिक मिळालं. १६ ऑगस्ट १९४८ ला वयाच्या ५३ व्या वर्षी तो गेला. पार्थिव त्याच स्टेडियममध्ये ठेवलं, आणि हजारो लोक रांगा लावून दर्शन घेऊन गेले.

योगायोग बघा. त्याच्या दोनच दिवस आधी, १४ ऑगस्टला, लंडनच्या ओव्हलवर डॉन ब्रॅडमन शेवटच्या टेस्टमध्ये शून्यावर बाद झाला होता. हे दोघं १९३२ साली न्यूयॉर्कला भेटलेले, यांकी स्टेडियममध्ये शेजारी बसून त्यांनी मॅच पाहिलेली. सरासरी १०० व्हायला ब्रॅडमनला फक्त चार रन्स हवे होते. ती ९९.९४ वरच राहिली.

आता मेसमधला वाद परत काढू. निरोप कुणाचा चांगला? रूथकडे तीन होमरनची दुपार आहे, ब्रॅडमनकडे शून्य. पण ब्रॅडमननं तो दौरा शेवटचा असल्याचं आधीच सांगून टाकलं होतं. पुढं तो निवडसमितीवर काम करत राहिला आणि दोनदा ऑस्ट्रेलियाच्या क्रिकेट बोर्डाचा अध्यक्ष झाला. ते शून्य आज एक किस्सा म्हणून उरलंय, जखम म्हणून नाही. आणि ज्यांना वाटतं की चाळिशी म्हणजे संपलंच, त्यांनी हँक एरन आठवावा. ८ एप्रिल १९७४ ला रूथचा ७१४ चा विक्रम त्यानं मोडला तेव्हा तोही चाळीस वर्षांचाच होता. संघही तोच ब्रेव्ह्ज, फक्त बोस्टनहून हलत हलत अटलांटाला गेलेला. एरन ४२ व्या वर्षापर्यंत खेळला आणि मग त्याच क्लबच्या कचेरीत नवे खेळाडू घडवायच्या कामाला लागला.

म्हणून मला वाटतं, रूथ एक सीझन जास्त खेळला ही त्याची चूक नव्हतीच. घरी बसला असता तर पिट्सबर्गची दुपार झालीच नसती. नंतरचे पाच दिवसही डाग वाटत नाहीत. शब्द पाळायला गेलेला माणूस हरला तर त्यात लाज कसली? चूक आधीच झाली होती. ज्या वर्षी नेवार्कची छोटी खुर्ची समोर होती आणि अंगात अजून रग होती, त्या वर्षी नवं काम पहिल्यापासून शिकायला त्यानं नकार दिला. मालकांनीही त्याला दुसरा दरवाजा दाखवला नाही, हेही तितकंच खरं. पण तेवढं एक दार उघडं होतं.

मित्रांनो, हे फक्त खेळाडूंचं नाही. आपल्याच कॉलेजात दरवर्षी कुणीतरी सर निवृत्त होतात, आणि आपणही चार वर्षांत हे हॉस्टेल सोडून जातो. इथले जीएस, कॅप्टन, टॉपर बाहेर पडले की पहिल्या नोकरीत ट्रेनी होतात. तिथं कुणी नेवार्कला पाठवलं, तर जा.